सोंग उतरवल्यावर

चंदर साळवेबद्दल लिहायचं तर आधी त्याचे गुण लिहायचे, असं मी ठरवलं आहे. नाहीतर लोक म्हणतील, बाई जळते. जळते तर जळते. पण गुण होते, आणि ते मी लहानपणापासून इतक्या जवळून पाहिलेत की त्याच्या सत्कारात भाषणं करणाऱ्या कुणाहीपेक्षा माझाच त्यावर जास्त हक्क आहे.

नाशिकरोडला जेलरोडच्या अंगाला आमची वसाहत. पन्नासेक बौद्ध घरं, मध्ये विहार, विहाराच्या मागे वाचनालयाची खोली. चंदरचे वडील लासलगाव स्टेशनात मालवाहतुकीचे कारकून होते. कांद्याच्या वॅगनी रवाना करायचं त्यांचं काम. सुट्ट्या लागल्या की चंदर वडिलांकडे जायचा आणि दिवसभर बाजार समितीत लिलाव बघत उभा राहायचा. परत आला की वसाहतीतल्या कट्ट्यावर त्याचा लिलाव सुरू. व्यापारी तो, शेतकरी तो, मध्येच हॉर्न वाजवणारा ट्रॅक्टरवालाही तोच. आम्ही पोट धरून हसायचो. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, समोरच्याच घरातली रूपाली खरात. माझे वडील बहिरू खरात महापालिकेच्या उद्यान विभागात माळी होते. आई पुतळाबाई चांदवडकडची. तिच्या बोलण्यातून चांदवड अजून गेलेलं नाही.

कॉलेजात असताना चंदर मित्राच्या हॉस्टेलवर एक खेळ बघून आला. इंग्रजी पुस्तकातला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. आपला माणूस काय करेल, काय बोलेल, ते आपण ठरवायचं. त्याला ते जमलं की नाही, ते फाशांनी ठरवायचं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

"मग खेळायचं कशाला?" समाधानने विचारलं. समाधान आमच्याच गल्लीतला, पुढे अंबडला कारखान्यात लागला.

"दुसऱ्याचं आयुष्य जगायला," चंदर म्हणाला. "पण त्या पुस्तकात सगळे उडते राक्षस आणि किल्ले आहेत यार. मला त्यातलं काय माहीत? मी आपल्याकडचं लिहिणार."

लिहिणार म्हणणारे आमच्या वसाहतीत पुष्कळ होते. चंदरने लिहिलं. मात्र त्याआधी त्याला पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत दोन वर्षं कंत्राटी शिक्षकाची नोकरी करावी लागली. तिथल्या एका पाड्यावर त्याने बोहाडा पाहिला. देवांचे, राक्षसांचे मोठे मुखवटे चढवून माणसं नाचतात, त्याला सोंगं म्हणतात. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं की आमच्यात सोंग घराण्याचं असतं. ज्या घराचं सोंग, त्याच घराने ते नाचवायचं. तो माणूस आजारी पडला तर सोंग त्या वर्षी नाचत नाही, पण दुसरा कुणी ते डोक्यावर घेत नाही.

चंदर या एका गोष्टीने वेडा झाला. पुढचे आठ महिने त्याने 'सोंगपाडा' नावाचा खेळ लिहिला. चौसष्ट पानांची पुस्तिका, दोन फासे, पुठ्ठ्याचे पाच मुखवटे. डोंगरातला एक पाडा, तिथली माणसं, त्यांची भांडणं, त्यांची गुपितं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात नियम होता : सोंग ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या सोंगाच्या तोंडचं वाक्य कुणी बोलायचं नाही, गोष्ट सांगणाऱ्या सूत्रधारानेही नाही. मुखवटा घालून जे बोललं जाईल ते खोलीबाहेर न्यायचं नाही. खेळ संपला की मुखवटा उतरवायचा आणि आपलं खरं नाव मोठ्याने घ्यायचं.

दर रविवारी वंदना झाली की आम्ही वाचनालयाच्या खोलीत बसायचो. चंदर सूत्रधार. मी, समाधान, आणि औषधाच्या दुकानात काम करणारी चैताली. माझं सोंग धोंडाबाई नावाच्या सुईणीचं होतं. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि मोठ्या बाईंना 'हो मॅडम' म्हणायचं. धोंडाबाई मात्र कुणाच्या बापाला भ्यायची नाही. सरपंचाला तोंडावर शिव्या द्यायची. रविवारचे ते तीन तास मी माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त जिवंत असायचे, आणि ते मला चंदरने दिले होते. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. लिहून टाकला. आता पुढचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१८ साली गेले. अर्धांगाचा झटका आला, अकरा दिवस दवाखान्यात होते. अकराव्या दिवशी सकाळी आई घरी आंघोळीला गेली होती. मी एकटीच जवळ. अण्णांनी डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "सखू कुठंय? सखूला बोलवा." दोनदा म्हणाले. अर्ध्या तासात संपलं.

सखू कोण, ते मला आजतागायत माहीत नाही. त्यांच्या लहानपणी गेलेली बहीण असेल, कुणी शेजारीण असेल, आणखी कुणी असेल. विचारत गेले असते तर कळलंही असतं. मी विचारलं नाही.

आई धापा टाकत आली. तिने पहिलं हेच विचारलं, "काही बोलले का?"

मी म्हणाले, "हो. म्हणाले, पुतळे, जेवली का गं?"

कसं सुचलं, कोण जाणे. आई बाकावर बसली, रडली, आणि रडता रडता हसली. चौतीस वर्षांच्या संसारात अण्णांनी तिला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. ते ताटावरून उठायचे, हात धुवायचे, जायचे. आता जाताना विचारून गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिने माईक हातात घेऊन सगळ्या वसाहतीला ते सांगितलं. तेव्हापासून घरी कुणी आलं की चहाबरोबर ते वाक्य येतंच. "मरताना मला विचारलं बघा, जेवली का म्हून." त्या एका वाक्यावर माझ्या आईने उरलेला सगळा संसार माफ करून टाकला होता. आणि ते वाक्य मी बनवलेलं होतं.

हे असं पोटात ठेवून वर्ष काढलं. मग एका रविवारी खेळात माझ्या धोंडाबाईसमोर एक विधवा आली. तिला खोटा दिलासा द्यायचा की खरं सांगायचं, ते मला ठरवायचं होतं. मी खोटा दिलासा दिला आणि मुखवट्याआड ढसाढसा रडले. खेळ संपला. मुखवटा उतरवला, "रूपाली खरात" म्हणाले. समाधान आणि चैताली निघून गेले. चंदर फासे गोळा करत होता.

"रूपे, काय झालं गं?" त्याने विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. सखू, आई, वाक्य. शब्दन् शब्द. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, ओझं उतरलं.

सोंगपाड्याच्या तीनशे प्रती छापल्या होत्या, त्या तीन वर्षांत संपल्या. पुण्या-मुंबईची पोरं त्याला फोन करून नियम विचारायची. २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा तो व्हिडिओवर अनोळखी लोकांना हा खेळ खेळवायला लागला. त्यातच एक जण मालिका बनवणाऱ्यांकडे काम करणारा निघाला. त्याने चंदरला संवाद लिहायला बोलावलं.

मालिकेचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिची तेवढीही जाहिरात माझ्या हातून नको.

तिकडचं काम तो आम्हाला रंगवून सांगायचा. आज काय घडणार ते वरून येतं, आपण फक्त माणसांना बोलतं करायचं. पहाटे पानं पाठवायची, नऊ वाजता नटी ती पानं हातात घेऊन पाठ करत बसलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मालिका कुणी बघत नाही, ऐकतात. बाई ओट्याशी असते, टीव्ही बाहेरच्या खोलीत. म्हणून प्रत्येक गोष्ट तोंडाने बोलून दाखवायची. "वहिनी, तुम्ही रडताय?" असं. आम्ही हसायचो. दोन वर्षांत तो संवादांवरून पटकथेवर गेला. इंदिरानगरला फ्लॅट घेतला. रविवारी येणं आधी कमी झालं, मग बंद झालं. मला वाईट वाटलं, पण त्याचं चांगलं होत होतं. माझी आई त्याची मालिका न चुकता लावायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्या चंदरनं लिवलीय."

गेल्या वर्षी जानेवारीत, एका गुरुवारी शाळेत मधल्या सुट्टीत चैतालीने मला त्या मालिकेची, फक्त मोबाइलवर फिरणारी जाहिरात पाठवली. खाली लिहिलं होतं, 'बघ जरा.' दवाखान्याची खाट. म्हातारा मरतो आहे. तो म्हणतो, "कमलला बोलवा." मुलगी ऐकते. मग आई धावत येते, आणि मुलगी सांगते, "बाबा म्हणाले, मंजुळे, जेवली का गं?" मग ढोल, मग मोठा आवाज : काय होईल जेव्हा मंजुळाला कळेल कमलचं सत्य? सोमवारी, साडेसात वाजता.

माझ्या हातातली परीक्षानळी पडून फुटली. एवढंच आठवतं.

शाळा सुटल्यावर घरी न जाता मी रिक्षा करून थेट त्याच्या फ्लॅटवर गेले. तो लॅपटॉपसमोर बसला होता. मला बघून त्याने तो मिटला.

"तुला लाज कशी नाही वाटली?" मी म्हणाले. "पहिल्या पानावर नियम कुणी लिहिला होता? सोंग ज्याचं त्याचं. तूच ना?"

त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. कधीपासून ठेवलं होतं, देव जाणे. तो शांतपणे म्हणाला, "रूपे, धोंडाबाईचं एक अक्षर मी घेतलेलं नाही. चारही वर्षांतलं. माझ्याकडे वह्या आहेत, बघ हवं तर. हे तू मुखवटा उतरवल्यावर सांगितलंस. नाव घेऊन झालं होतं तुझं. नियम मोडलेला नाही मी."

चौसष्ट पानं लिहून त्याने माणसाच्या सोंगाचं रक्षण केलं होतं. खुद्द माणसासाठी त्यात एक ओळ नव्हती, आणि ती नाही हे त्याला नीट माहीत होतं. मी वेडी. मला वाटलं होतं, मुखवटा उतरवल्यावर समोर मित्र असतो, तिथे नियम कशाला लागतो?

"आणि हे कमल प्रकरण काय आहे?"

"तीन आठवडे चालेल. इगतपुरीला घर, दोन मुलं. ते वरून आलं. मी फक्त सुरुवात दिली."

माझ्या अण्णांना त्याने इगतपुरीला दुसरं घर बांधून दिलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर महापालिकेच्या गुलाबांना आळी केली, त्याला.

मी भांडायचं सोडलं आणि हात जोडले. हो, जोडले. "चंदर, बाकी काय दाखवायचं ते दाखव. फक्त ते वाक्य काढ. आई ओट्याशी असते, तिच्या कानावर तेच पडणार. ती त्या वाक्यावर जगते रे."

तो विरघळला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्याच्या. "डबिंगमध्ये बदलतो. 'जेवली का'च्या जागी 'औषध घेतलंस का' टाकतो. अजून हातात आहे. शब्द देतो तुला."

मी आईला त्या आठवड्यात मामाकडे चांदवडला घेऊन जायचं ठरवत होते. मामाकडचा टीव्ही बंद पडलेला आहे. पण चंदरने शब्द दिला म्हणून मी रजा टाकली नाही. एवढं सगळं होऊनही मी त्याच्या शब्दावर विसंबले, याचा मला त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त राग येतो.

सोमवारी साडेसातला आई मेथी निवडत होती. मी तिच्याजवळ बसले होते. म्हातारा खाटेवर आला. कमलचं नाव आलं. मंजुळा धावत आली, मुलगी वळली, आणि म्हणाली, "मंजुळे, जेवली का गं?"

औषधबिवषध काही नाही. जसंच्या तसं.

आईचे हात थांबले. तिने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. पुढे मुलगी एकटी जिन्यात बसून मोठमोठ्याने बोलत होती, ऐकणाऱ्या बायकांसाठी, की मी आईशी खोटं बोलले, बाबांनी तर कमलचं नाव घेतलं. भाग संपला. जाहिराती लागल्या. आईने टीव्ही बंद केला आणि मेथी तशीच फडक्यात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघताना तिने विचारलं, "ते वाक्य चंदरला तू सांगितलं व्हतं?"

"हो," मी म्हणाले. "तूच सगळ्यांना सांगतेस की."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं त्याने बनवलं."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण मला ती लहानपणापासून वाचते. "बरं," ती म्हणाली. "संध्याकाळी त्याला फोन लावून दे. मी इचारते. तो काय माझ्याशी खोटं बोलायचा नाय."

दिवसभर शाळेत मला काही सुधरलं नाही. पाच दिवसांपूर्वी मी ज्याच्या दारात 'हे माझं आहे' म्हणून भांडत होते, त्यालाच आता 'हे तुझं आहे असं सांग' म्हणायचं होतं. दुसरा रस्ता नव्हता. दुपारी मी प्रयोगशाळेचं दार लावून त्याला फोन केला. शब्द का मोडला, हे विचारलंही नाही. त्यानेच सांगायला सुरुवात केली, की वरच्यांना ते वाक्य फार आवडलं, त्यांनी हात लावू दिला नाही. मी त्याला मध्येच थांबवलं.

"ते राहू दे. आई संध्याकाळी तुला विचारेल. तू फक्त 'हो, मी बनवलं' एवढंच म्हण. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी म्हण."

"अगं, एवढंच ना?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका झाल्याचं मला स्पष्ट कळलं.

आईला फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, म्हणून मी तो स्पीकरवर ठेवून तिच्यापुढे धरला.

"चंदर," आई म्हणाली, "तुझ्या आईच्या जागी हाय मी. खरं सांग. त्या पोरीनं आईला खोटं सांगितलं, म्हातारा भलत्याच बाईचं नाव घेऊन मेला, हे कुठून आनलं तू?"

"डोक्यातून, मावशी. मीच बनवलं."

तिथे थांबायचं होतं. मी एवढंच मागितलं होतं. पण तो थांबला नाही. "एकदा रिक्षात होतो मावशी, द्वारका चौकातल्या सिग्नलला. बाजूच्या टेम्पोत एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्या आजोबांकडे बघून वाटलं, हा मरताना हिला काय विचारेल? आणि तिथल्या तिथे सगळं सुचलं. मुलगी सुचली, ती खोटं बोलते हे सुचलं. असं एकदम येतं कधीकधी. मी घरी येईपर्यंत अख्खा सीन तयार होता."

तो एकदाही अडखळला नाही. टेम्पोचा रंगसुद्धा सांगितला त्याने, हिरवा. मी फोन धरून उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की तो माझ्यासाठी खोटं बोलत नव्हता. हे त्याने आधीही कितीतरी जणांना सांगितलं असणार, मीटिंगमध्ये, सेटवर. सांगून सांगून त्याला ते खरंच तसं आठवत होतं. त्यात मी कुठेच नव्हते. वाचनालयाची खोली नव्हती, माझ्या डोक्यावर ठेवलेला त्याचा हात नव्हता.

"मग आमच्या घरातलं वाक्य कशापायी घातलं रे त्यात?" आईने विचारलं.

"चुकलं, मावशी. तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं ना, मनात राहून गेलं. माफ करा."

आईने मोठा श्वास सोडला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. "आसू दे, आसू दे," ती म्हणाली. "लय दिस झाले तुला येऊन. रविवारी जेवायला ये."

"येतो," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर आईने फडकं सोडलं आणि सुकलेली मेथी पुढ्यात घेतली. तिचा चेहरा अगदी मोकळा झाला होता. "बघ," ती मला म्हणाली, "कसा कबूल झाला लगेच. मनानं निर्मळ हाय पोरगा. तूच उगाच त्याच्यावर डूख धरून बसलीस."

मी "हो" म्हणाले.

रविवारी तो आला, येताना आईसाठी साडी घेऊन. आईने त्याला अण्णांच्या जागेवर बसवलं, आणि मी त्याला वाढलं.